आपला दोष आपणांस दिसतो काय?

जो मनुष्य मनाने प्रामाणिक आहे त्यास स्वतःचे दोष ठाऊक असतात, आणि ज्यास ते ठाऊक नसतात तो कोठेतरी स्वतःशी लबाडी करीत असला पाहिजे, अशी एक समजूत आपल्या नीतिविचारात फार खोल रुजलेली आहे. आत्मपरीक्षणाचा जो उपदेश शाळेपासून कीर्तनापर्यंत सर्वत्र कानी पडतो त्याच्या मुळाशी हीच समजूत आहे. रात्री निजण्यापूर्वी दिवसभराच्या वर्तनाचा आढावा घ्यावा, मनास खरेपणाने विचारावे, म्हणजे ते खरे उत्तर देईल, असे आपण धरून चालतो. मन उत्तर देते यात शंका नाही. ते उत्तर खरे असते की काय, एवढाच आमचा प्रश्न आहे. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही जे उदाहरण घेणार आहोत ते ऐकून काही वाचकांस हसू येईल, कारण ते गोल्फ नावाच्या खेळाचे आहे.

बिडकीनसारख्या गावी बसून गोल्फविषयी लिहावे, हे विसंगत दिसते खरे. छत्रपती संभाजीनगराहून पैठणास जाणाऱ्या रस्त्यावरचे हे आमचे गाव. येथे गोष्टी चालतात त्या कापसाच्या, तुरीच्या आणि पावसाच्या, व अलीकडे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यासाठी घेतलेल्या जमिनींच्या. तथापि हा खेळ महाराष्ट्रास नवा नाही. मुंबईत त्याचा क्लब १८४२ साली निघाला, म्हणजे विश्वविद्यालय निघण्याच्या पंधरा वर्षे आधी! चेंबूरचा क्लब १९२७ सालचा. नाशकास तर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान म्हणून जे क्रिकेटचे मैदान आहे त्यास लोक अजून गोल्फ क्लब मैदान असेच म्हणतात. खेळ गेला, नाव राहिले. बड्या लोकांचा खेळ म्हणून त्याच्याकडे पाठ फिरविण्याची आपली रीत आहे, आणि ती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण आमचा प्रश्न या खेळात जितका उघडा पडतो तितका दुसऱ्या खेळात पडत नाही, म्हणून ही निवड.

क्रिकेटमध्ये फलंदाज चुकला तर त्यास सांगण्यासारखे पुष्कळ असते. चेंडू वळला, खाली राहिला, उन्हात दिसला नाही. गोल्फचा चेंडू जमिनीवर निमूटपणे पडून असतो. फार तर ४६ ग्रॅम वजनाची ती वस्तू. ती कोणी अंगावर फेकीत नाही, अडवीत नाही, आणि खेळाडूस तयारीला पुरेसा वेळ मिळतो. काठी मागे नेऊन खांद्यावर उचलावयाची, तेथून खाली आणून चेंडूवरून पुढे न्यावयाची, एवढेच काम. या एका फेऱ्यास खेळाडू स्विंग म्हणतात. आता येथे जे काही बिघडेल ते खेळाडूनेच बिघडविलेले असणार, हे उघड आहे. तरीही वर्षानुवर्षे खेळणारा हौशी मनुष्य तोच चेंडू त्याच झाडीत घालीत राहतो. त्याची इच्छा कमी पडते म्हणावे तर तसे नाही. दर रविवारी पहाटे उठून, पैसे मोजून तो हे करीत असतो.

त्याचा सर्वांत सामान्य दोष पाहा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू सरळ जाण्याऐवजी उजवीकडे वळत वळत भलतीकडे जातो. यास स्लाइस म्हणतात. कारण बहुधा असे असते की काठी चेंडूवर येताना बाहेरून आत, म्हणजे डावीकडे ओढली जाते, आणि तिचे तोंड त्या मार्गाच्या मानाने उजवीकडे उघडे राहते. त्यामुळे चेंडूस तिरपी गिरकी मिळते व तो वळतो. यावर आपला खेळाडू काय उपाय करतो? चेंडू उजवीकडे जातो ना, मग तो पुढल्या वेळी डावीकडे रोख धरून उभा राहतो आणि काठी आणखी डावीकडे ओढतो. अर्थात काठीचा मार्ग अधिकच आडवा होतो, गिरकी वाढते, आणि चेंडू पूर्वीपेक्षा जास्त वळतो. तो आणखी डावीकडे रोख धरतो. अशा रीतीने दोषावरचा उपाय हाच दोषाचा खुराक होऊन बसतो, आणि प्रत्येक पायरीवर खेळाडू अगदी शुद्ध बुद्धीने, डोळ्यांस दिसलेल्या पुराव्यावरून वागत असतो. चेंडू वर उडावा म्हणून त्यास खालून उचलू पाहणाऱ्याची गतही हीच. चेंडू वर नेण्याचे काम काठीच्या तिरप्या तोंडाकडे सोपविलेले असते. काठी खाली येऊ दिली तर चेंडू आपसूक वर जातो, आणि उचलण्याची धडपड केली की तो जमिनीलगत सरपटतो.

हा मनुष्य अप्रामाणिक आहे काय? या खेळाच्या लौकिकात तर प्रामाणिकपणास मोठे स्थान आहे. खेळाडूने स्वतःच्या चुकीचा दंड स्वतःच सांगावा, असा त्याचा शिरस्ता. १९२५ साली अमेरिकेत वूस्टर येथे त्या देशाची खुली स्पर्धा चालली असता बॉबी जोन्स या खेळाडूचा चेंडू, तो फटक्याच्या तयारीत असताना, गवतात किंचित हलला. दुसऱ्या कोणी ते पाहिले नव्हते. जोन्सने आपण होऊन एका फटक्याचा दंड स्वतःवर घेतला. शेवटी विली मॅकफार्लेनशी बरोबरी झाली आणि फेरखेळीत जोन्स हरला. तो एक दंड नसता तर ती स्पर्धा त्याची होती. हौशी म्हणून स्पर्धा खेळणाऱ्या या खेळाडूची ही गोष्ट गोल्फच्या जगात आजही आदराने सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखी आहेही. पण आमचे लक्ष तिच्यातील एका वेगळ्या बाबीकडे जाते. चेंडू केसभर हलला हे जोन्सच्या डोळ्यांस दिसले, आणि जे दिसले ते त्याने लपविले नाही. येथे प्रामाणिकपणा पुरेसा पडला, कारण वस्तुस्थिती समोर होती. पण स्वतःच्या खांद्याने, मनगटाने, मानेने काय केले हे ज्यास दिसतच नाही त्याने कितीही सचोटी पणास लावली तरी तो सांगणार काय? क्लबातील शेकडो सभ्य गृहस्थ जोन्सप्रमाणे दंड सांगतील, आणि त्यांतलेच पुष्कळसे आपली काठी सरळ येते असे शपथेवर सांगतील. पहिले विधान खरे असेल, दुसरे खोटे असेल, आणि दोन्ही सारख्याच प्रामाणिकपणे केलेली असतील.

असे का व्हावे? एक कारण शरीररचनेतच आहे. काठी आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरताच असतो. कॉक्रन आणि स्टॉब्ज या दोघांनी १९६८ साली स्विंगच्या शास्त्रीय तपासणीवर जो ग्रंथ लिहिला त्यात हा हिशेब दिलेला आहे. स्पर्शाची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचते तोवर चेंडू निघून गेलेला असतो. म्हणजे आपण ज्यास ‘फटका जाणवणे’ म्हणतो ते घडून गेलेल्या गोष्टीचे वृत्त होय. दुसरे कारण अधिक खोल आहे, आणि ते एका नटाने शोधून काढले, हे विशेष.

एफ. एम. अलेक्झांडर हा ऑस्ट्रेलियातील कवितावाचन करणारा कलावंत. रंगमंचावर त्याचा आवाज बसे. वैद्यकीय उपचारांनी कायमचा गुण येईना. तेव्हा आपण बोलताना काय करतो हे पाहण्यासाठी त्याने आरसे मांडले. बोलण्यास आरंभ करताना आपण डोके मागे ओढतो व घसा दाबतो, हे त्यास आरशात दिसले. येथपर्यंत ठीक. मग त्याने डोके पुढे व वर ठेवण्याचा निश्चय केला, तसे ठेवलेही, आणि आरशात पाहतो तो डोके पूर्वीसारखेच मागे! पुढे ठेवल्याचा त्याचा अनुभव स्पष्ट होता आणि तो खोटा होता. सवयीची गोष्ट सरळ भासते, आणि खरोखरीची सरळ गोष्ट सवय नसल्याने वाकडी भासते. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात चेंडूवर नजर न ठरणाऱ्या गोल्फ खेळाडूवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. नजर ठेव, नजर ठेव, असे शिक्षक सांगतात, खेळाडूची ठेवण्याची इच्छाही असते. पण फटका मारण्याची घाई सुटली की सारे शरीर जुन्या मार्गाने धावते आणि नजर त्याच्याबरोबर जाते.

या पुस्तकास प्रस्तावना लिहिली ती जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाने. मनुष्यस्वभाव व वर्तन या विषयावरील १९२२ सालच्या ग्रंथात ड्यूई यांनी असाच मुद्दा मांडला होता. वाकून उभे राहण्याची सवय असलेल्यास ‘ताठ उभा राहा’ म्हटले तर तो वेगळ्या तऱ्हेने वाकडा उभा राहतो आणि आपण ताठ झालो असे मानतो. नुसत्या इच्छेने सवय बदलेल हा विश्वास त्यांच्या मते जादूटोण्यावरील विश्वासाच्या जातीचा आहे. जाता जाता सांगावेसे वाटते की, ज्या ड्यूईंच्या व्याख्यानांस डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विश्वविद्यालयात बसले, त्यांच्या विचारांचा धागा बाबासाहेबांनी १९५० साली आमच्या जिल्ह्याच्या शहरात जे महाविद्यालय काढले तेथपर्यंत येऊन पोहोचतो. समाजाच्या सवयीही अशाच असतात, त्यांत वाढलेल्यास त्या सरळ वाटतात, हे त्यांच्याइतके कोणास कळले असेल?

ज्यांस गोल्फचे उदाहरण अजूनही परके वाटत असेल त्यांनी आमच्या शिवारात यावे. तिफण धरून पेरणी करणाऱ्यास आपले तास सरळ चालले आहे असे वाटते. बैलांमागून चालताना समोरचे दोन हात जे दिसते त्यात वाकडेपणा कळण्याजोगा नसतो. पाऊस पडतो, आठ दिवसांत अंकुर वर येतात, आणि मग पैठणच्या रस्त्याने जाणारा कोणीही वाटसरू गाडीतून बोट दाखवून सांगतो की तास कोठे वळले. तो पेरणाऱ्यापेक्षा शहाणा असतो असे नाही. तो फक्त बांधाबाहेर असतो.

आता घरात येऊ. आमच्या मध्यमवर्गीय कुटुंबांत असा एक गृहस्थ पुष्कळ वेळा आढळतो, ज्याची खात्री असते की आपण घरात कधी आवाज चढवीत नाही. तो खोटे बोलत नाही. मनाशी विचारले असता मन त्यास तसेच सांगते. पण तो दिवाणखान्यात आला म्हणजे मुलगा पुस्तक मिटून आत जातो, सून बोलता बोलता थांबते, आणि पत्नी त्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी क्षणभर त्याच्या चेहऱ्याकडे पाहते. शिक्षक असतो, सर्व विद्यार्थी आपणांस सारखे असे तो म्हणतो व मानतो, वर्गातील मागच्या बाकांना मात्र पक्के ठाऊक असते की सरांचा प्रश्न कोणत्या बाकावर थांबतो. अशा वेळी कोणी धीर करून बोललेच तर ठरलेले उत्तर येते, ‘आमच्या मनात तसे काही नव्हते.’ हे उत्तर आम्हांस फार विचार करण्यासारखे वाटते. ते बहुधा सत्य असते. आणि तरीही ते गैरलागू असते, कारण प्रश्न मनात काय होते हा नसून काठी कोठून आली हा असतो. मनाच्या शुद्धतेचा दाखला वर्तनाच्या खटल्यात पुरावा म्हणून पुढे केला जातो, आणि आपल्याकडे तो बहुतेक मान्यही होतो, विशेषतः दाखला देणारा वयाने किंवा मानाने मोठा असला म्हणजे.

यावर कोणी कालिदासाची साक्ष काढील. संशयाच्या प्रसंगी सज्जनांस त्यांच्या अंतःकरणाचा कल हेच प्रमाण, असे शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत म्हणतो, आणि सदसद्विवेकबुद्धीचे समर्थन करताना हे वचन आपल्याकडे हटकून पुढे येते. पण नाटक पहिल्या अंकावर संपत नाही. पाचव्या अंकात हाच दुष्यंत भरसभेत शकुंतलेस ओळखीत नाही. शापाच्या योगाने त्याची स्मृती गेलेली आहे. तो तिला नाकारतो ते अगदी प्रामाणिकपणे, परस्त्रीचा स्वीकार करू नये या धर्मबुद्धीने! ती गेल्यावर त्याचे हृदय अस्वस्थ होते हे खरे, पण त्या अस्वस्थतेने निर्णय बदलत नाही. मग सत्य कोठून येते? माशाच्या पोटात सापडलेली अंगठी विकू पाहणाऱ्या एका कोळ्याकडून. आणि राजाच्या शिपायांनी त्यास चोर ठरवून बांधून आणलेले असते, वाटेत मारही दिलेला असतो. सज्जनाच्या अंतःकरणास जे उमगले नाही ते मार खाणाऱ्या एका कोळ्याच्या हातात होते. कवीने ही योजना सहज केली असेल असे आम्हांस वाटत नाही.

गोल्फच्या मैदानावर हा कोळी रोज हजर असतो. त्यास कॅडी म्हणतात. काठ्यांचे ओझे घेऊन तो साहेबांच्या मागे चालतो, चेंडू कोठे पडला ते सांगतो, कोणती काठी घ्यावी तेही सुचवितो. दिवसाकाठी शेकडो फटके त्याच्या डोळ्यांखालून जातात. साहेबांचा खांदा केव्हा लवकर फिरतो हे त्यास साहेबांपेक्षा पुष्कळ आधी कळते. पण विचारल्याशिवाय ते बोलण्याची सोय नसते, आणि पुष्कळदा विचारल्यावरही नसते, कारण उद्याची मजुरी त्याच हातून मिळावयाची असते. त्याच्या पाहण्यास किंमत किती होती हे पुढे दिसून आले. इंडियन ओपन ही स्पर्धा १९६५ साली प्रथम भारतीयाने जिंकली ती पी. जी. सेठी या हौशी खेळाडूने. त्यानंतर भारतीयाचे नाव तिच्यावर लागण्यास १९९१ साल उजाडावे लागले, आणि तो विजेता अली शेर दिल्लीच्या क्लबात कॅडी म्हणून वाढलेला होता. चेंबूरच्या मैदानाजवळच्या वस्त्यांत राहणाऱ्या कॅडींनी तर स्वतःचा एक गोल्फ उभा केला. बांधकामाची सळई वाकवून केलेली काठी, प्लॅस्टिकचा चेंडू, आणि दोन घरांमधली चिंचोळी गल्ली. अशा गल्लीत स्लाइस होऊच शकत नाही असे नाही, पण झाला तर चेंडू त्याच क्षणी भिंतीवर किंवा कोणाच्या पत्र्यावर आदळतो. मोकळ्या हिरवळीवर वळलेला चेंडू दूर झाडीत नाहीसा होतो आणि वाऱ्यावर ढकलता येतो. ज्याच्याभोवती जागा पुष्कळ, त्याचा दोष उशिरा कळतो, आणि घरातील कर्त्या पुरुषाभोवती अशी जागा सगळे मिळून मोकळी ठेवीत असतात.

हल्ली खिशातील दूरध्वनीवर स्विंगचे चित्रण करून घेता येते, तेव्हा कॅडीची गरज काय, असे कोणी म्हणेल. अलेक्झांडरचा आरसा आता प्रत्येकाच्या हाती आला, ही गोष्ट लहान नव्हे. स्वतःचे चित्रण प्रथम पाहणाऱ्याच्या तोंडून ‘हा मी नव्हे’ असे निघते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. परंतु घरातील बोलण्याचे चित्रण कोणी करीत नाही, व करू नये. तेथे माणसाच्याच साक्षीवर भिस्त ठेवावी लागते.

मग जो तो येऊन सांगेल ते सारे ऐकावे काय? गोल्फच्या मैदानावर फुकट उपदेशाचा इतका सुळसुळाट असतो की, तो ऐकून खेळ सुधारण्याऐवजी मनुष्य काठी उचलण्यासच भिऊ लागतो. डोके खाली, कोपर सरळ, गुडघा स्थिर, मनगट सैल, हे सारे एका फटक्यात आठवू गेल्यास फटका लागत नाही. नीतीतही असे रोगट आत्मपरीक्षक आम्ही पाहिले आहेत. ते कोणाचे वाईट करीत नाहीत, कारण ते काहीच करीत नाहीत. येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. साक्षीदाराने पाहिलेली गोष्ट निराळी आणि त्याने लावलेले कारण निराळे. चेंडू ज्या दिशेने निघतो ती मुख्यतः काठीच्या मार्गाने ठरते, असे पुष्कळ नामांकित शिक्षक दीर्घकाळ शिकवीत आले. ती दिशा बहुतांशी काठीच्या तोंडाने ठरते, हे रडारवर चालणारी मापनयंत्रे आल्यावर या शतकात सर्वमान्य झाले. शिक्षकांचे कारण चुकीचे होते, तरी ‘तुझा चेंडू उजवीकडे वळतो’ हे त्यांचे सांगणे चुकीचे नव्हते. पत्नीने ‘तुम्ही आत्ता ओरडलात’ म्हटले तर ते ऐकावे. ‘तुम्हांला माझ्या माहेरचे आवडत नाही म्हणून ओरडलात’ यावर वाद घालण्यास हरकत नाही. दुर्दैवाने आपण बहुधा दुसऱ्या वाक्यातील चूक दाखवून पहिलेही फेटाळतो.

सर्वांत कठीण काळ येतो तो साक्ष मान्य केल्यानंतर. काठी खरोखर योग्य मार्गाने येऊ लागली म्हणजे खेळाडूस ती अत्यंत विचित्र वाटते. जुन्या दोषास सांभाळून घेण्यासाठी बसविलेले बाकीचे शरीर आता नव्या मार्गाशी जुळत नाही. काही आठवडे, कधी काही महिने, फटके पूर्वीपेक्षा वाईट बसतात. सोबती विचारतात, चांगला खेळत होतास, हे काय आरंभिलेस? पुष्कळसे येथूनच परततात. आणि घरातील गृहस्थाच्या वाटेत तर याहून मोठी अडचण उभी असते. त्याने आवाज खाली आणला की तो त्यास खोटा वाटतो, नाटकी वाटतो. ‘मी जसा आहे तसा बोलतो, मला ढोंग जमत नाही,’ असे तो म्हणतो, आणि ज्या प्रामाणिकपणाचा त्यास अभिमान आहे तोच त्यास जुन्या आवाजाकडे परत नेतो. हे ढोंग होय काय? आमच्या मते नव्हे. आत नसलेले बाहेर दाखविणे हे ढोंग. येथे माया आत होती असे तो स्वतःच सांगत आला आहे, आता प्रथमच ती बाहेरच्यांस ऐकू येण्याजोगी होत आहे. तो आवाज त्याच्या स्वतःच्या कानास परका लागेल. घरातल्यांस तो कसा लागतो हे त्यांनाच विचारावे लागेल. आणि विचारल्याबरोबर उत्तर येईल अशी अपेक्षा त्याने धरू नये, कारण इतकी वर्षे त्यांना कोणी विचारलेच नव्हते.